मातीतले औषध आणि मातीतलाच प्रतिकार



जूनमध्ये भोपाळला पहिला पाऊस पडतो आणि तापलेल्या काळ्या मातीतून एक गोड वास येतो. हा वास आपण सगळ्यांनीच घेतला आहे. आपण त्याला मातीचा वास म्हणतो, पण त्यातला मुख्य भाग मातीतल्या जिवाणूंचा असतो. त्या जिवाणूंचे नाव स्ट्रेप्टोमायसिस. ते जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर ते हवेत उडते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात १९६५ साली हे द्रव्य वेगळे करून त्याला हे नाव देण्यात आले.

या जिवाणूंची आठवण होण्याचे कारण वर्गातला एक प्रश्न. आठवीत सूक्ष्मजीवांचा पाठ चालू होता. अँटिबायोटिक औषधांना, म्हणजे प्रतिजैविकांना, दाद न देणारे जिवाणू शेतातल्या मातीतही सापडतात, असे मी सांगितले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बेरसियाजवळ आमच्या मामांचे शेत आहे. तिथे कोणी अँटिबायोटिक टाकत नाही. मग तिथल्या जिवाणूंना त्या औषधाची सवय कशी झाली?"

प्रश्न फार चांगला होता. तास संपला, पण उत्तर पुरे झाले नाही. राहिलेले उत्तर सर्वांसाठी येथे देत आहे.

क्षयाचे औषध शेतात सापडले

सेल्मन वाक्समन हे रटगर्स येथील मृदा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मातीत लाखो प्रकारचे जीव दाटीवाटीने राहतात, तेव्हा ते एकमेकांना रोखण्यासाठी काही रसायने सोडत असले पाहिजेत, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या प्रयोगशाळेतील अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने १९४३ साली, खत घातलेल्या शेतातल्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस हा जिवाणू वेगळा केला आणि त्यापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयरोगावर परिणाम करणारे हे पहिले प्रतिजैविक. या कामासाठी वाक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे उदाहरण ऑरिओमायसिनचे. टेट्रासायक्लिन गटातले हे पहिले औषध अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या प्रयोगशेतातल्या मातीतून मिळाले. बेंजामिन डग्गर यांनी ते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधले. त्या वेळी तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

महाराष्ट्राच्या मातीचाही यात वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. भारतात पेनिसिलिन तयार व्हावे, हा त्याचा हेतू. तेथील शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला आणि गावाच्या नावावरून त्याला पिंप्रिना असे नाव दिले. त्यापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळाले.

म्हणजे पावसात आपल्याला सुवास देणाऱ्या जिवाणूंच्या कुळातूनच ही औषधे आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण उत्तराची सुरुवात येथेच आहे.

औषधाच्या आधीपासूनचा प्रतिकार

जो जिवाणू शेजाऱ्याला मारणारे द्रव्य तयार करतो, त्याला त्या द्रव्यापासून स्वतःलाही वाचवावे लागते. नाहीतर तो स्वतःच मरेल. म्हणून त्याच्या जनुकांत स्वसंरक्षणाची सोय असते. त्याच्या शेजारी राहणाऱ्या जिवाणूंमध्येही लाखो वर्षांत अशा सोयी निर्माण झाल्या. या सोयी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात.

१. औषध मोडणे. काही जिवाणू पेनिसिलिनचा रेणू तोडणारे विकर तयार करतात. अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी असे विकर १९४० सालीच नोंदवले होते. त्या वेळी पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचलेही नव्हते.

२. औषध बाहेर फेकणे. बोटीत शिरलेले पाणी पंपाने उपसावे, तसे काही जिवाणू आत आलेले टेट्रासायक्लिन उपसून बाहेर टाकतात.

३. लक्ष्य बदलणे. औषध पेशीतल्या ज्या भागाला चिकटते त्या भागाचा आकार थोडा बदलतो. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली चालत नाही, तसे औषध निरुपयोगी होते. स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत अनेकदा असेच घडते.

हा प्रतिकार किती सर्वत्र पसरलेला आहे? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मातीतले ४८० स्ट्रेप्टोमायसिस तपासले आणि प्रत्येकाची २१ औषधांशी गाठ घालून दिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकही जिवाणू असा निघाला नाही, की जो अनेक औषधांना प्रतिकार करत नव्हता. सरासरीने प्रत्येकजण सात-आठ औषधांना दाद देत नव्हता. पुढे २०११ साली त्याच विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह कॅनडाच्या युकॉन भागात ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीतूनही प्रतिकाराची जनुके दाखवून दिली. त्या काळी ना डॉक्टर होते, ना औषधाचे दुकान.

म्हणून मामांच्या शेताबद्दलचे पहिले उत्तर असे: तेथे प्रतिकार असणे हा कोणाचा दोष नाही. तो मातीचा जुना वारसा आहे.

मग काळजी कशाची?

हा वारसा मातीत विखुरलेला, थोडा थोडा असतो. त्यातले बहुतेक जिवाणू आपल्याला आजारी पाडत नाहीत. काळजी दोन गोष्टींची आहे. आपल्या कृतीने प्रतिकारक जिवाणूंचे प्रमाण वाढते, ही पहिली. आणि ही जनुके मातीतल्या निरुपद्रवी जिवाणूंकडून रोग पसरवणाऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकतात, ही दुसरी.

पहिली गोष्ट समजण्यासाठी एक खेळ करा. आईकडून मूठभर मूग आणि मूठभर उडीद मागून घ्या. मूग म्हणजे औषधाने मरणारे जिवाणू, उडीद म्हणजे प्रतिकारक.

* एका वाटीत ९८ मूग आणि २ उडीद घ्या. प्रतिकारक १०० पैकी फक्त २.
* आता औषध द्या, म्हणजे ९० मूग उचला. राहिले ८ मूग आणि २ उडीद. प्रतिकारक आता १० पैकी २.
* जिवाणू पुन्हा वाढतात. वाटी १०० दाण्यांची करा, पण प्रमाण तेच ठेवा: ८० मूग, २० उडीद.
* दुसऱ्यांदा औषध. दहातले नऊ मूग मरतात. राहिले ८ मूग, २० उडीद. वाटी पुन्हा भरली की सुमारे २९ मूग आणि ७१ उडीद.
* तिसऱ्यांदा औषध. २६ मूग गेले, राहिले ३ मूग आणि ७१ उडीद. म्हणजे १०० मध्ये सुमारे ९६ प्रतिकारक.

पाहा, एकाही मुगाचा उडीद झाला नाही. कोणाला "सवय" लागली नाही. जे आधीच वेगळे होते ते उरले आणि वाढले. वर्गात आपण "सवय" हा शब्द वापरला होता, तो येथे दुरुस्त करून घेऊ. याला नैसर्गिक निवड म्हणतात.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. जिवाणूंमध्ये मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी वर्तुळे असतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला, तो वेगळ्या जातीचा असला तरी, प्लास्मिडची प्रत देऊ शकतो. तुम्ही जशा एकमेकांच्या वह्या उतरवून घेता तसेच. फरक इतकाच की येथे उतरवलेल्या वहीत चार-पाच औषधांची उत्तरे एकदम असू शकतात. २०१२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शेतजमिनीतल्या जिवाणूंमधील काही प्रतिकार-जनुके रुग्णालयांत आढळणाऱ्या रोगजंतूंच्या जनुकांशी ताडून पाहिली. त्यांतली काही अक्षरन् अक्षर जुळली. जनुक मातीतून रुग्णाकडे गेले की रुग्णाकडून मातीत आले, हे अशा जुळणीवरून ठरत नाही. परंतु दोघांमध्ये ये-जा आहे, हे त्यावरून नक्की कळते.

शेतात औषध येते कोठून?

मामा शेतात अँटिबायोटिक टाकत नाहीत, हे खरे असेल. पण ते तीन वाटांनी येऊ शकते.

शेणखत. गाई-म्हशींना कासदाह झाला, कोंबड्यांना रोग झाला, की औषध दिले जाते. दिलेल्या औषधाचा बराच भाग शेण-मूत्रातून तसाच बाहेर पडतो. त्याबरोबर जनावराच्या आतड्यातले प्रतिकारक जिवाणूही येतात. ताजे शेण किंवा कोंबडीखत सरळ शेतात गेले, तर दोन्ही मातीत मिसळतात. नेदरलँड्समध्ये १९४० पासूनचे मातीचे नमुने जपून ठेवलेले आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची तपासणी झाली, तेव्हा प्रतिकार-जनुकांचे प्रमाण काळानुसार वाढत गेल्याचे दिसले. टेट्रासायक्लिनविरोधी काही जनुके तर १९७० च्या दशकापेक्षा १५ पटींहून अधिक झाली होती.

सांडपाणी. शहरातली माणसे औषधे घेतात आणि त्यांचे अंश सांडपाण्यात जातात. आपल्या भोपाळमध्ये पातरा नाल्यासारख्या नाल्यांच्या पाण्यावर भाजीपाला पिकवला गेला आहे, हे मोठ्या माणसांना माहीत आहे. अशा पाण्यात जड धातूही असतात. तांबे किंवा जस्त सहन करण्याची जनुके आणि औषधाला प्रतिकार करण्याची जनुके कधी कधी एकाच प्लास्मिडवर असतात. त्यामुळे मातीत औषध नसतानाही धातूंमुळे प्रतिकारक जिवाणू टिकून राहू शकतात.

फवारणी. याचे आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लिन. यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ९ ला १ या प्रमाणात असतात. सोलापूर, नाशिककडचे डाळिंब-बागायतदार तेल्या रोगासाठी, तर लिंबू-संत्र्यावाले खैऱ्या रोगासाठी ते वर्षानुवर्षे फवारत आले. तेल्या आला की बागच्या बाग हातची जाते. त्यामुळे शेतकऱ्याने मिळेल तो उपाय करावा, यात त्याला दोष देणे सोपे नाही. पण क्षयाच्या रुग्णासाठी शोधलेले औषध उघड्या रानात उडवले जात होते, हेही खरे आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या औषधांचा शेतीतला वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात १ फेब्रुवारी २०२२ पासून आयात व उत्पादन बंद आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद, असे प्रस्तावित होते. त्याआधी जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि पशुखाद्यात वापर करण्यास केंद्र सरकारने मनाई केली होती. इतर औषधे चालेनाशी झाली, की अत्यवस्थ रुग्णाला शेवटी देतात त्या औषधांपैकी कोलिस्टिन एक आहे.

हे सारे आपल्यापर्यंत कसे येते?

स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट येथे पुरी करू. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयाच्या १०७ रुग्णांवर या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्यांची प्रकृती प्रथम सुधारली. पण काही महिन्यांत अनेकांच्या शरीरातले क्षयजंतू प्रतिकारक झाले आणि सुधारणा टिकली नाही. तेव्हापासून क्षयाला एकटे औषध न देता तीन-चार औषधे एकत्र आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत देतात. घरात कोणाचा क्षयाचा उपचार चालू असेल, तर "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, त्याचे कारण हेच. मुगाची वाटी आठवा.

जगाचा हिशेब मोठा आहे. २०१९ या एका वर्षात प्रतिकारक जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज १२ लाख ७० हजार इतका आहे. साधी जखम, बाळंतपण, लहान मुलाचा न्यूमोनिया, गुडघ्याची शस्त्रक्रिया, या सगळ्यांमागे चालणारे प्रतिजैविक हाताशी आहे, असा आपला विश्वास असतो. तो विश्वास टिकवणे म्हणजेच हा विषय.

आपल्या शहराचे यात स्थान आहे. नबीबाग येथे १९८८ पासून भारतीय मृदा विज्ञान संस्थान आहे. भौंरी येथे पर्यावरण आणि आरोग्य यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. जनावरांच्या घातक रोगांवर काम करणारी उच्च सुरक्षा प्रयोगशाळाही भोपाळमध्येच आहे. माती, माणूस आणि जनावर या तिघांचा अभ्यास करणाऱ्या संस्था एकाच शहरात असणे ही मोठी सोय आहे. मध्यप्रदेशाने २०१९ साली प्रतिजैविक-प्रतिकाराविरुद्ध स्वतःची कृती-योजना जाहीर केली. केरळनंतर असे करणारे हे देशातले दुसरे राज्य. मोठ्या मुलांनी विज्ञान शाखा निवडताना या संस्थांकडे लक्ष द्यावे. पुढचे संशोधक याच वर्गांतून जायचे आहेत.

पालकांसाठी आणि शेती असणाऱ्या कुटुंबांसाठी

१. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविक चालत नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते आणू नये. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, की ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असे समजावे. ही ओळख पटावी म्हणून सरकारने २०१६ साली खास मोहीम केली होती.

२. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी किंवा शेजाऱ्यांसाठी ठेवू नयेत. त्या कुंडीत, नाल्यात किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. काय करावे, हे डॉक्टरांना किंवा औषध-दुकानदाराला विचारावे.

३. जनावराला औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत त्याचे दूध विकू नये. गोठा स्वच्छ आणि लसीकरण वेळेवर असले, तर औषधाची वेळच कमी येते.

४. शेणखत आणि कोंबडीखत चांगले कुजवून मगच वापरावे. ढीग नीट रचून, ओल राखून, वरखाली केला की आतली उष्णता वाढते. त्यात पुष्कळसे रोगजंतू मरतात आणि औषधांचे अंशही बरेच कमी होतात. सगळे नाहीसे होतात असे नाही, पण ताज्या खतापेक्षा हे कितीतरी बरे.

५. कच्ची खायची भाजी, कोथिंबीर, मुळा, गाजर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चांगले धुवावेत. बागकामानंतर साबणाने हात धुवावेत.

एक विनंती मात्र आहे. हे वाचून मुलांना मातीत खेळू देणे बंद करू नका. माती शत्रू नाही. जिने स्ट्रेप्टोमायसिन दिले, तिच्यात अजून न सापडलेली औषधेही असतील.

मामांच्या शेताचे उत्तर

आता त्या विद्यार्थिनीला पूर्ण उत्तर देता येईल. तुझ्या मामांच्या शेतात प्रतिकार पूर्वीपासून होता, कारण औषधही मूळचे मातीतलेच. तो थोडा राहील की वाढेल, हे मात्र शेतात काय पडते त्यावर ठरते. म्हणून सुट्टीत गेलीस की मामांना तीन गोष्टी विचार: खत कोठून येते, ते किती दिवस कुजवता आणि गाय आजारी पडली तर औषध कोण सांगते? उत्तरे वहीत लिहून आण. पुढच्या तासाची सुरुवात आपण त्या वहीपासून करू.

स्वाध्याय

१. मूग-उडदाचा खेळ ९९ मूग आणि १ उडीद घेऊन करा. दर वेळी दहातले नऊ मूग उचला. निम्म्याहून अधिक दाणे उडीद व्हायला किती वेळा औषध द्यावे लागले?

२. जिवाणूंच्या प्रतिकाराच्या तीन युक्त्या लिहा आणि प्रत्येकीला घरातले एक उदाहरण शोधा.

३. "जिवाणूंना औषधाची सवय होते" हे वाक्य चूक का, ते चार ओळींत सांगा.

४. घरातल्या औषधांच्या डब्यात लाल रेघेची किती पाकिटे आहेत, ते आई-बाबांसमोर मोजा. त्यांतली किती अर्धवट आहेत?

५. आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या लहानपणी शेणखताचा खड्डा कसा भरत आणि तो किती महिन्यांनी उपसत?

सूचना: मातीतले जिवाणू घरी बशीत किंवा बाटलीत वाढवण्याचा प्रयोग कोणीही करू नये. तो प्रशिक्षित माणसांनी प्रयोगशाळेतच करायचा असतो.